विजेवरची सुरी की हाताची? कोल्हापुरात मासा बोनलेस करताना

निकाल आधी, कारणं नंतर. घरी आठवड्याला दोन-तीन किलो मासा येत असेल तर विजेवरची फिलेट सुरी, म्हणजे काट्यावरून मांसाचा सलग तुकडा (फिलेट) सोडवणारी सुरी, घेऊ नये. सहा-सात इंची लवचिक पात्याची हातसुरी आणि एक चांगला धारेचा दगड एवढ्यावर सगळं भागतं. हॉटेलच्या किचनमध्ये रोज दहा-पंधरा किलो बासा, मरळ किंवा सुरमई बोनलेस होत असेल तर मात्र विजेवरची सुरी पैसे वसूल करते आणि कापणाऱ्याचं मनगटही वाचवते. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी ती कुणीच घेऊ नये, हॉटेलनेही. कोल्हापुरात हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथल्या पाटीत तलावा-धरणातला मासा मोठ्या प्रमाणात असतो. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा तर जास्तच.

विजेवरच्या सुरीत शेजारी शेजारी बसवलेली दोन दातेरी पाती असतात. टोकाला एका रिव्हेटने ती एकमेकांना धरून ठेवलेली असतात आणि मोटर त्यांना उलटसुलट दिशेने पुढेमागे हलवते. एक पुढे जातं तेव्हा दुसरं मागे. त्यामुळे मांस ओढलं जात नाही, जागच्या जागी कापलं जातं. यातून एक गोष्ट आपोआप ठरते: हाताने रेटायचं नाही आणि करवतीसारखं पुढेमागेही करायचं नाही. सुरी फक्त दिशेला धरायची आणि तिच्या वेगाने पुढे जाऊ द्यायची. नवीन माणूस सवयीने दाबतो. दाबलं की पाती वाकतात, एकमेकांवर घासतात, तापतात आणि मांसाच्या कडेला लगदा होतो. "ही सुरी मासा फाडते" अशी तक्रार ऐकू आली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, किंवा दाते झिजलेले असतात.

विकत घेताना तीन प्रकार समोर येतात. पहिला खास मासळीसाठीचा वायरवाला. रापाला, मिस्टर ट्विस्टर, अमेरिकन अँगलर या नावांनी तो ओळखला जातो. पाती साधारण साडेसात इंचांची, हँडल जाड. इथे मोठा धोका आहे. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली मॉडेलं ११०-१२० व्होल्टची असतात आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. नुसता पिन बदलणारा अॅडॉप्टर लावून ती चालवली तर मोटर तिथेच जळते. परदेशातून कुणी भेट म्हणून आणली असेल तर आधी हँडलवरची पाटी वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर सुरीच्या वॉटपेक्षा निदान दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ओल्या ओट्याशेजारी ते आणखी एक धूड सांभाळावं लागतं. दुसरा प्रकार लिथियम बॅटरीचा. बब्बासारख्या कंपन्यांची यात सात इंचांपासून बारा इंचांपर्यंत पाती मिळतात. चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर आपल्याकडे निर्धास्त चालतो. वायर नसल्यामुळे ओल्या जागेत हाच बरा. तिसरा प्रकार ब्रेड आणि भाजलेलं मटण कापायची घरगुती इलेक्ट्रिक सुरी. ती २३० व्होल्टची सहज मिळते, स्वस्तही असते, पण तिची पाती ताठ असतात, दाते मोठे असतात आणि टोक बोथट असतं. सुरमईच्या जाड पाठीवर एकवेळ चालेल. पापलेटवर लावूच नये.

कुठलाही प्रकार घ्या, सलग किती वेळ चालवायची हे पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. घरगुती सुऱ्यांना ही मर्यादा काही मिनिटांचीच असते. हॉटेलात ती पाळली जात नाही आणि महिन्याभरात हँडलमधून जळका वास यायला लागतो. हँडल हाताला गरम लागलं की थांबायचं. तेवढ्यात कापलेली फिलेट बर्फावर लावून घ्यायची.

आता प्रत्यक्ष काम. दीड-दोन किलोची मरळ घेऊ, कारण या सुरीला शोभणारा आपल्याकडचा मासा हाच. मांस घट्ट, आणि रोहूसारखे मांसात रुतलेले बारीक काटे नाहीत. आधी मासा अर्धा तास बर्फात ठेवायचा. गार मांस ताठ राहतं आणि दात्यांखाली चुरगळत नाही. मग जाडं मीठ चोळून बुळबुळ काढायची, धुवायची आणि कोरड्या फडक्याने पुसायची. पाटाखाली ओलं फडकं घातलं की पाट सरकत नाही. कातडी काढून टाकायची असेल तर खवले काढायची गरज नाही. विजेवरच्या सुरीने सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथे.

कल्ल्याच्या झाकणामागे, छातीच्या पराला लागून, पातं तिरकं लावून मधल्या काट्यापर्यंत उतरायचं. काटा लागल्याचं आवाजावरून कळतं, मोटरचा सूर जड होतो. तिथे थांबून पातं शेपटीकडे वळवायचं आणि काट्याला टेकवून आडवं न्यायचं. बरगड्या वाटेत कापल्या जातात, जाऊ द्यायच्या. शेपटीच्या दीड-दोन सेंटिमीटर अलीकडे थांबायचं, कातडी तोडायची नाही. फिलेट तशीच उलटी पाडायची, म्हणजे कातडी खाली पाटावर आणि मांस वर येतं. आता शेपटीकडून मांस आणि कातडी यांच्यामध्ये पातं घालून पाटाशी समांतर पुढे न्यायचं. मासा शेपटीने अजून जोडलेला असतो, त्यामुळे डाव्या हाताला पकड मिळते. शेपटीपाशी आधीच तोडलं तर फिलेट निसटत राहते आणि कातडीवर मांसाचा थर तसाच राहतो. सराव झालेल्या हाताला एक बाजू मिनिटभरात जमते.

पण यानंतर फिलेटच्या पोटाकडे बरगड्यांचे कापलेले तुकडे राहतात. ते काढायला पुन्हा हातसुरीच लागते. टोक बरगड्यांखाली घालून, पातं वर उचलून धरत, पातळ पापुद्र्यासकट त्या काढाव्या लागतात. विजेच्या पात्याने हे काम केलं तर पोटाकडचं अर्धं मांस बरगड्यांबरोबर जातं. म्हणजे विजेवरची सुरी घेतली तरी हातसुरी सुटत नाही. जाहिरातीत हे दिसत नाही. म्हणूनच पैसे मोजके असतील तर हातसुरी आधी घ्यावी.

बासा, म्हणजे बाजारात पंगस म्हणून येणारा, या सुरीखाली उत्तम निघतो. कातडी काढल्यावर मधल्या रेषेवरची तांबूस-तपकिरी पट्टी आणि पोटाची पिवळसर चरबी हातसुरीने छाटून टाकली की वास निम्म्याने कमी होतो. फिश फिंगर करणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. चिलापी लहान असेल, अर्ध्या किलोच्या आत, तर विजेवरच्या सुरीने नुकसानच होतं. फिलेट आधीच पातळ, त्यात काट्यावर मांस राहिलं की हातात काय उरणार?

सुरमईची गोष्ट थोडी वेगळी. तीन-चार किलोच्या सुरमईच्या पाठीचं मांस विजेवरच्या सुरीने सुरेख निघतं. मधल्या रेषेवरची गडद पट्टी आणि पुढच्या अर्ध्या भागातले बारीक काटे इंग्रजी व्हीच्या आकाराचा काप देऊन काढले की लांबचे लांब बोनलेस तुकडे मिळतात. पण कोल्हापुरात सुरमई मागितली जाते ती गोल कापात, मधल्या काट्यासकट. तो काप घ्यायला मधला काटा तोडावा लागतो आणि ते काम सत्तूरचं किंवा विळीचं. विजेवरची सुरी मधल्या काट्यातून घालायचा प्रयत्न केला तर पाती अडकतात, दाते मोडतात. गोठलेल्या सुरमईवर तर ती ठेवायचीच नाही. मासा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावा.

आता रोहू-कटला. गोड्या पाण्यातल्या या माशांच्या मांसात, पाठीच्या भागात आणि शेपटीकडे, इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभागलेले बारीक काटे असतात. ते मधल्या काट्याला जोडलेले नसतात, मांसातच तरंगत असतात. त्यामुळे मधला काटा आणि बरगड्या कितीही सफाईने काढल्या तरी रोहूची फिलेट बोनलेस होत नाही. सुरी कुठलीही असो. "रोहू बोनलेस" असा बोर्ड दिसला तर एक तर तो रोहू नाही, किंवा काटे आहेत आणि लहान मुलाच्या ताटात ते जाणार आहेत. त्यात दोन किलोच्या वरच्या रोहूच्या, आणि कटल्याच्या तर नक्कीच, बरगड्या टणक असतात. विजेवरचं पातं त्यांवर उड्या मारतं, दाते बोथट करतं आणि तुटलेल्या बरगड्यांची टोकं मांसात सोडतं.

यावर उपाय आहे, तो जुना आहे आणि फक्त हातसुरीने जमतो. रोहूचे खवले नीट काढून, कातडी ठेवून फिलेट काढायची. मग ती कातडी खाली करून पाटावर पसरायची आणि मांसावर आडवे चिरे द्यायचे, दोन चिऱ्यांत अंतर फक्त ३ मिलिमीटर, खोली कातडीपर्यंत, पण कातडी तुटू द्यायची नाही. धार चांगली असेल तर प्रत्येक चिऱ्याला काटा कापल्याचा बारीक कर्र आवाज येतो. तो आला नाही तर चिरा उथळ गेला आहे. काट्यांचे असे बारीक तुकडे झाले की १८० अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात ते कुरकुरीत होतात आणि दाताला जाणवत नाहीत. शिवाय कांदा-लसूण मसाला प्रत्येक चिऱ्यात उतरतो, तोही फायदा. रश्श्यासाठी ही युक्ती चालत नाही. उकळत्या पाण्यात काटे कुरकुरीत होत नाहीत, उलट सुटून रश्श्यात फिरतात. विजेवरच्या सुरीने हे चिरे देता येत नाहीत, कारण खोलीवर ताबा राहत नाही. थरथर चालूच असते आणि कातडी आली हे हाताला कळेपर्यंत ती कापलेली असते.

हातसुरीचं खरं बळ हेच आहे: टोकाला काय लागलं ते बोटांना कळतं. बांगड्यावर हे चांगलं दिसतं. किलोला पाच-सहा बसणारा बांगडा, मांस मऊ, उन्हाळ्यात तर जास्तच. सहा इंची लवचिक सुरीने पाठीवर, पराच्या अगदी शेजारून, डोक्यापासून शेपटीपर्यंत पहिला उथळ चिरा द्यायचा. दुसऱ्या फेरीत पातं काट्यावर टेकवून, हलकं वाकवून, मधल्या काट्यापर्यंत जायचं. तिसऱ्या फेरीत मधला काटा ओलांडून बरगड्यांवरून खाली उतरायचं. पातं काट्यावर खरखरत राहिलं पाहिजे. खरखर थांबली की पातं मांसात गेलं असं समजावं. पापलेटला एका बाजूच्या दोन फिलेट काढायच्या: मधल्या रेषेवर डोक्यापासून शेपटीपर्यंत काट्याला लागेपर्यंत चिरा, मग तिथून कडेकडे एकेक बाजू उचलत न्यायची. एका पापलेटाच्या चार फिलेट होतात. विजेवरचं पातं इथे घातलं तर पातळ कडेचं मांस सगळं जातं, आणि पापलेटच्या भावात ते परवडत नाही.

विळीला या तुलनेत वेगळी जागा द्यावी लागेल. पातं स्थिर, मासा दोन्ही हातांत. बुळबुळीत मासा धरायला याच्यापेक्षा सुरक्षित व्यवस्था नाही. कल्ले काढणं, पर छाटणं, बांगडा पोटातून चिरणं, सुरमईचे काप, यांत विळीवर बसलेल्या सरावाच्या बाईचा हात कुठल्याही यंत्राला ऐकत नाही. कमी पडते ती कातडी सोलताना, कारण विळीचं पातं वाकत नाही आणि पाटाशी समांतर होत नाही. लोहाराकडून गाडीच्या पाट्याच्या पोलादाची घडवून घेतलेली सुरीही अशीच: धार छान धरते, पण पाठ जाड असते. डोकं वेगळं करायला आणि मोठ्या माशाच्या काट्यालगत जायला उत्तम, बांगड्याला आडदांड. शिवाय हे पोलाद गंजतं. काम झालं की लगेच धुवून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवावी लागते.

हातसुरी घेताना पात्याची लांबी माशावरून ठरवा: बांगडा, पापलेट, चिलापीला सहा इंच, रोहू, मरळ, सुरमईला आठ ते नऊ. एकच घ्यायची तर सात-साडेसात. पातं टोकाकडे बोटाने दाबल्यावर वाकून पुन्हा सरळ झालं पाहिजे. रापालाची बर्चच्या लाकडी मुठीची फिलेट सुरी पात्यासाठी नावाजलेली आहे, पण रोजच्या ओल्या हॉटेलकामाला लाकडी मूठ नको. खडबडीत रबरी किंवा प्लॅस्टिकची मूठ घ्या, ती चरबीच्या हातातही निसटत नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या फिलेट सुऱ्यांत अशी मूठ मिळते.

धारेकडे दुर्लक्ष केलं तर वरचं सगळं व्यर्थ. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे ही सुरी देऊ नका. सुक्या, वेगाने फिरणाऱ्या दगडावर पातळ पातं क्षणात तापतं, कडेला निळसर झाक येते आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मग धार लावली तरी टिकत नाही. १००० नंबरचा पाण्याचा दगड घ्या, जमल्यास जोडीला ३००० चा. प्रत्येक बाजूला साधारण १५ अंशांचा कोन धरायचा. तो मोजायची सोपी रीत अशी: पातं २० मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून ५ मिलिमीटर वर ठेवायची. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक कडा बोटाला जाणवली की बाजू बदलायची. शेवटी पिकलेल्या टोमॅटोवर न दाबता पातं ओढून पाहा. साल लगेच कापली गेली तर झालं. विजेवरच्या सुरीची दातेरी पाती मात्र घरी धार लावायची नसतात. झिजली की जोडी बदलायची. त्यामुळे सुरी मागवण्याआधी त्याच मॉडेलची सुटी पाती इथे मिळतात का ते बघा. मोटर रिवाइंडिंग करणारे कोल्हापुरात भरपूर आहेत, पण पाती आणि आतली प्लॅस्टिकची गिअर त्यांच्याकडे मिळणार नाही.

वाया किती जातं हा प्रश्न हॉटेलवाले हमखास विचारतात. दोन किलोच्या रोहूतून कातडी काढलेली फिलेट साधारण आठशे ग्रॅमच्या आसपास निघते. कटल्याचं डोकं मोठं, तिथे आणखी कमी. विजेवरच्या सुरीने काट्यावर मांस जास्त राहतं, कारण ताठ जोडपातं काट्याच्या वळणाला चिकटत नाही. पण आपल्याकडे तो काटा आणि डोकं फेकलं जात नाही, रश्श्याच्या पातेल्यात जातं. काट्यावरचं मांस रश्श्याला चव देणारच असेल तर हे नुकसान निम्मंच धरावं. फक्त बोनलेस विकणाऱ्याने मात्र ते पूर्ण धरावं.

सुरक्षिततेचं थोडक्यात. वायरवाली सुरी ओल्या ओट्यावर चालवायची तर त्या प्लगच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारा) हवा. वायर खांद्यावरून मागे टाकायची, म्हणजे पात्यासमोर येत नाही. डाव्या हातात कापरोधक हातमोजा हातसुरीबरोबर जरूर घाला. विजेवरच्या दातेरी पात्याला मात्र तो थांबवू शकत नाही, त्याचे धागे दात्यांत गुंतून हात आत ओढला जाऊ शकतो. तिथे हात पात्याच्या वाटेत ठेवायचाच नाही. पाती काढण्याआधी प्लग काढायचा, बॅटरीवाल्याची बॅटरी.

स्वच्छतेत विजेवरची सुरी मागे पडते. पाती हँडलमध्ये जिथे शिरतात त्या खाचेत आणि दोन पात्यांच्या फटीत मांसाचा बारीक कीस भरतो. हँडल पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून तो ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढावा लागतो. पाती जोडीने बाहेर काढून, रिव्हेटपाशी सरकवून वेगळी करून साबणाने धुवायची, पूर्ण सुकवायची आणि रिव्हेटवर खाद्यतेलाचा एक थेंब सोडायचा. हे रोज करायचं, आठवड्याने नाही. पावसाळ्यात एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी वास येतो. बांगडा आणि सुरमई यांच्या बाबतीत वेळेचा हिशेब आणखी कडक ठेवा. घाट चढून आपल्याकडे पोहोचेपर्यंत या माशांचे काही तास बर्फात गेलेलेच असतात. ते बाहेर उबदार राहिले की मांसात हिस्टामिन तयार होतं, तोंड लाल होतं, अंगावर चट्टे येतात, आणि शिजवल्याने ते जात नाही. एका वेळी दोन-तीन मासेच पाटावर घ्या, बाकीचे बर्फात, आणि निघालेली फिलेट लगेच ४ अंशांच्या खाली.